आईच्या साखरेचा निकाल

आईला मधुमेह आहे असं कळलं तेव्हा आमच्या घरात रडारड झाली नाही. वेळापत्रक तयार झालं.

दोष माझ्या धंद्याचा. नेरूळला, शिरवणे गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा क्लास आहे. दहावीचं गणित शिकवतो. पंचवीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट सांगत आलोय, की अख्खं पुस्तक यायची गरज नाही, पेपरात येणार तेवढं आलं पाहिजे. दर वर्षी क्लासबाहेर निकालाचा फलक लागतो, त्यावर मुलांचे फोटो आणि टक्के. त्यातली निम्मी मुलं अकरावीत गणितात गटांगळ्या खातात, पण तोवर फलक उतरलेला असतो.

त्याच इमारतीत तळमजल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना. आई त्यांना डॉक्टरीणबाई म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. आमच्या सोसायटीत या बाईंबद्दल एकच तक्रार होती, की त्या काही देत नाहीत. सर्दीला म्हणायच्या, पाच-सहा दिवसांत आपोआप जाईल. तापाला साधी तापाची गोळी आणि भरपूर पाणी. कंबर दुखली तर एमआरआयची चिठ्ठी नाही, उलट चालायला सांगायच्या. कुणी अशक्तपणासाठी सलाइन मागितलं तर त्या इतक्या शांतपणे 'गरज नाही' म्हणायच्या, की मागणाऱ्याला आपण कांदेपोह्यांवर जास्तीची शेव मागितली असं वाटावं. आईचं त्यांच्याविषयी मत स्पष्ट होतं. "बाई ग्वाड हायेत. पर सुई मारत न्हाईत. सुईबिगर डाक्टर म्हंजे काय?" तरी आम्ही तिथेच जायचो, कारण बाई सुई मारत नसल्यामुळे गर्दी कमी असायची आणि माझी चारची बॅच चुकायची नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी आईला समोर बसवून एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. गोळ्या कधी घ्यायच्या. पावलं रोज बघायची, जखम झाली का ते. दर तीन महिन्यांनी रक्त, त्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, शिवाय तीन महिन्यांच्या सरासरीची एक वेगळी तपासणी. आणि वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा.

"आजी, आकडा चांगला आणणं हे आपलं काम नाही," बाई म्हणाल्या. "डोळे, किडनी, पाय शाबूत ठेवणं हे काम. आकडा फक्त मला सांगतो, आपण कुठं आहोत ते. म्हणून तपासणीच्या आधी वेगळं काही करायचं नाही. रोज खाता तसंच खायचं."

मी मान डोलावली. माझ्या क्लासात पालकसभेला पालक डोलावतात, अगदी तशी. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला होता: तिमाही.

आईविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर काय गमावलं ते कळणार नाही. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, साताऱ्याहून आलेले. आई त्याच मार्केटात, कांदा-बटाट्याच्या बाजूला लसूण निवडायला बसायची. तीस वर्षं. समोर लसणाचा ढीग, हातात गड्डी, बोटं चालूच. पोकळ झालेली, आतून पिवळी पडलेली पाकळी ती वरच्या पापुद्र्यावरून ओळखायची. व्यापारी दोन बायकांच्या वादात तिला बोलवायचे: "मावशी, हे बघा जरा." ती लांबूनच सांगायची. वडील गेले, तिचं काम सुटलं, तरी दर गुरुवारी ती एकटी बस पकडून मार्केटात जायची. जुन्या मैत्रिणींत दोन तास बसायची, गप्पा मारता मारता त्यांचा ढीग निवडून द्यायची आणि आम्हाला महिनाभर पुरेल एवढा लसूण आठवड्याला घेऊन यायची. तिला जेमतेम वाचता यायचं. पण बसचा नंबर ती आमच्या आधी वाचायची. ते तिचं स्वातंत्र्य होतं, आणि ते तिने स्वतः कमावलं होतं.

तर पहिली तिमाही आली.

"आई, बुधवारी रक्त द्यायचंय. आजपासून भात बंद."

"भात बंद? मग खायाचं काय?"

"एक भाकरी, पालेभाजी. सकाळी कारल्याचा रस. संध्याकाळी सोसायटीला दहा फेऱ्या."

"आरं, पर बाई म्हनल्या व्हत्या रोजच्यासारखं खावा म्हनून."

"त्या म्हणणारच. मीपण मुलांना सांगतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी शांत झोपा. कोण झोपतं?"

आई हसली. तिला शाळा दुसरीत सोडावी लागली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिची परीक्षा घेत होतं आणि पोरगा शिकवणीला बसवत होता. तिने ते मनावर घेतलं. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी तीच निघाली. सांगितलं तेवढंच खायची, दहाच्या जागी बारा फेऱ्या मारायची आणि कारल्याचा रस तोंड वाकडं न करता प्यायची. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, चक्कर येईल त्यांना." मी म्हटलं, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

निकाल लागला. उपाशीपोटी एकशे चार, जेवणानंतर एकशे बत्तीस. मी रिपोर्टचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आई विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण!' काका, मामा, चुलतभाऊ, सगळ्यांचे अंगठे आले. माझी धाकटी बहीण करंजाड्याला राहते. तिने लिहिलं, 'दादा, कॉपी तर नाही ना पुरवलीस?' पुढे हसरा चेहरा. मीही हसरा चेहरा पाठवला.

आणि पास झाल्यावर आपल्याकडे जे करतात ते केलं. पेढे आणले. मधुमेहात पास झाल्याबद्दल मधुमेही बाईला पेढा भरवणारा मनुष्य म्हणून माझा फोटो कुठेतरी लावायला हरकत नाही. आईने एक खाल्ला, मग अर्धा. मग म्हणाली, "आता तीन म्हैनं सुट्टी."

सुट्टी ती पुरेपूर उपभोगायची. त्यात श्रीखंड यायचं, पुरणपोळी यायची, चहात दोन चमचे यायचे. पुढच्या पेपराच्या तीन दिवस आधी परत कारलं.

राहिली ती तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी. लॅबमधली बाई पहिल्या वेळी म्हणाली, "सर, चिठ्ठीवर हीपण आहे." मी म्हटलं, "ती नको, बाकीच्या दोन करा." डॉक्टर लोक उगाच तपासण्या वाढवतात असं मी घरी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं, कारण ते पटायला काहीच लागत नाही. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. गणिताचा माणूस आहे, सरासरी म्हणजे काय ते मला कळतं. तीन दिवस कारलं प्यायल्याने नव्वद दिवसांची सरासरी हलत नाही. हा एकच पेपर असा होता की त्याचा अभ्यास आदल्या दिवशी होत नव्हता. म्हणून तो धडा आम्ही ऑप्शनला टाकला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सरासरीचं नाही केलं?"

"मशीन बंद होतं," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी नक्की करा हं."

पुढच्या वेळी लॅबला माणूस नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी मी चिठ्ठीच घरी विसरलो. पुढेही दर वेळी काही ना काही कारण निघालं.

चौथ्या पेपराला आईला लॅबमध्येच दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, ओठ पांढरे पडले. अन्न निम्मं आणि गोळ्या पूर्ण, दुसरं काय होणार? लॅबमधल्या बाईने पटकन साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत आई माणसात आली. त्या दिवशी मी घाबरलो, पण ज्याला घाबरायला हवं होतं त्याला नाही. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "आईची साखर फार कमी होते." ते खरंही होतं. बाईंनी चारही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. चारही सुंदर. वर साखर उतरल्याचा प्रकार. त्या म्हणाल्या, "आकडे छान आहेत. या वयात साखर एकदम उतरणं जास्त धोक्याचं. एक गोळी कमी करू या." आणि त्यांनी ती कमी केली.

त्या बाई पुराव्यावर चालतात. जे सिद्ध झालंय तेच देतात, उगीच काही देत नाहीत. म्हणूनच तर सोसायटीत त्यांना नावं ठेवायची. फक्त त्यांच्यासमोर येणारा पुरावा आमच्या स्वयंपाकघरात तयार व्हायचा.

आई जिना चढताना म्हणाली, "बग, गोळी कमी झाली. तुझं वडील असते तर..." मला अभिमान वाटला.

डोळ्यांचंही असंच झालं. कागदावर पडदा लिहिलेला. मी आईला स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने तिला अक्षरांची पाटी दाखवली, भिंगं बदलली, नवा नंबर काढला. आईला तपकिरी फ्रेम आवडली. झाली तपासणी.

"डोळे तपासले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो, तपासले."

"पडदा? थेंब टाकून?"

थेंब टाकून म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. दुकानात कोणी काही टाकलं नव्हतं. पण उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडायची नाही, काहीतरी लिहून यायचं, असं मी मुलांना सांगतो.

"हो हो. सगळं केलं."

बाईंनी फाइलमध्ये ते लिहिलं. आई शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नव्या चष्म्याची काडी सारखी केली. पोरगा एवढा शिकलेला, त्याला ठाऊक असणार.

असे दोन वर्षं पेपर झाले, आणि आई दर वेळी पास होत गेली.

एका गुरुवारी ती मार्केटातून वेळेवर आली नाही. फोन केला तर म्हणाली, "मी कुटं हाय ते मलाच कळंना." चुकीच्या बसमध्ये बसून ती कोपरखैरण्याला पोचली होती. आम्ही घरी त्यावर आठवडाभर हसलो. माझी मुलगी म्हणाली, "आजी, फिरायला जायचं होतं तर सांगायचं ना." आई म्हणाली, "त्या बशीचा नंबरच आता बारीक लिवत्यात." मग लसणाच्या पिशवीत किडलेल्या पाकळ्या यायला लागल्या. माझ्या बायकोने दोन-तीनदा बाजूला काढल्या, बोलली नाही. मी बोललो. "आई, तुझ्या मैत्रिणी तुला फसवायला लागल्या." आईला ते फार लागलं. पण तिने मैत्रिणींवर आळ आला तसाच राहू दिला. का, ते मला नंतर कळलं.

मग जळमटांचं प्रकरण झालं.

आई एका सकाळी लांब झाडू घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी. "हितं जळमाट हाय."

माझी बायको स्वच्छतेच्या बाबतीत जरा कडक आहे. ती म्हणाली, "कुठंय, आई? दिवाळीपासून तिसऱ्यांदा झाडलंय मी."

"हे काय, लोंबतंय की."

"मला तर दिसत नाही."

"तुला कशाला दिसंल?"

झालं. दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज मोठे झाले. आई रोज नव्या कोपऱ्यात झाडू फिरवायची. हॉलमध्ये, बाथरूममध्ये, एकदा तर गॅलरीत, जिथं वर छतच नाही. मी दोघींच्या मधे पडून विनोद केला, "आई, कोळी तुझ्यामागून फिरतोय." कोणी हसलं नाही. संध्याकाळी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा बघा ना त्यांच्याकडे. मला टोमणे मारायला करत असतील असं वाटलं होतं. पण त्या एकट्या असल्या तरी झाडतात."

मी म्हटलं, "वय झालंय." क्लासची सराव परीक्षा तोंडावर होती.

चौथ्या दिवशी सकाळी आई पलंगावर बसूनच राहिली. मी चहा दिला तर तिने कप धरायला हात पुढे केला, तो कपाच्या डावीकडे वीतभर. "उजव्या डोळ्यात कायतरी सांडलंय," ती म्हणाली. "लाल-काळं. पडदा टाकल्यागत."

डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावरसुद्धा बसवलं नाही, उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. "आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चष्म्याच्या दुकानात नाही." म्हणजे पडदा कधी तपासलाच नव्हता, हे त्यांना तेव्हाच समजलं असावं.

डोळ्यांच्या दवाखान्यात आईच्या डोळ्यांत थेंब टाकले. पाऊण तास आम्ही बाहेर बसलो, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत. थेंब टाकणं म्हणजे काय, ते मला दोन वर्षांनी कळलं. मग आत यंत्रासमोर तिची हनुवटी टेकवून डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. तरुण होते, शांत बोलत होते.

"उजव्या डोळ्यात रक्तस्राव झालाय. पडद्यावर साखरेमुळे नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात, त्या फुटतात. आजींना आधी काळे धागे, जाळ्यांसारखं काही दिसत होतं का?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. आई म्हणाली, "व्हय."

"पडदा याआधी कधी तपासला होता?"

मी तोंड उघडलं. तिथेसुद्धा काहीतरी लिहून यायची सवय जिभेवर आली होती. मग म्हणालो, "नाही. चष्म्याचा नंबर काढला होता."

"ते वेगळं," डॉक्टर म्हणाले. "नंबर बरोबर असला तरी पडदा खराब असू शकतो. सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही, म्हणून तर दर वर्षी बघायचा. हे एक-दोन महिन्यांतलं नाही. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर लेझरने थांबवता आलं असतं."

"आता?"

"डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. तो वाचवायचा प्रयत्न करू, लेझर, इंजेक्शनं. उजव्याचं रक्त ओसरतं का बघू, नाहीतर ऑपरेशन. पण पडद्याचं जे गेलंय ते परत येत नाही."

"इंजेक्शन कुटं?" आईने विचारलं.

"डोळ्यात, आजी. बधिर करून. दुखणार नाही फारसं."

आई म्हणाली, "जल्मभर सुई मागत व्हते. आता देतायसा व्हय." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. मला कळत होतं, म्हणून मी मान खाली घातली.

त्याच दिवशी सरासरीची तपासणी केली. या वेळी लॅबचं मशीन चालू होतं, माणूस हजर होता आणि चिठ्ठी माझ्या खिशात होती. दहा पॉइंट आठ. सातच्या आसपास हवी होती. दोन वर्षांत आलेला हा आमचा पहिला खरा निकाल. तो ग्रुपवर टाकला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तो रिपोर्ट हातात धरून आधीचे सगळे काढले. आठ सुंदर कागद एका बाजूला, हा एक दुसऱ्या बाजूला. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी उलट आवाज चढवून लॅबवाल्यांना शिव्या दिल्या असत्या, आणि निदान दहा मिनिटं मी कोणीतरी दुसरा असतो.

"तपासणीच्या आधी काही वेगळं करायचात का?"

मी सांगितलं. तीन दिवस, भात, कारलं, फेऱ्या. मशीन बंद नव्हतं तेही. थेंब टाकले नव्हते तेही. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, गृहपाठ का केला नाही ते सांगणाऱ्या मुलासारखा.

"मी यांची गोळी कमी केली," बाई हळू म्हणाल्या. "या कागदांवर." मग त्यांनी चष्मा काढला. "चूक माझीही आहे. सरासरी तीनदा आली नाही तेव्हा मी तिथेच थांबायला हवं होतं. डोळ्यांचा रिपोर्ट हातात मागायला हवा होता. तुम्ही शिकलेले, तुमच्यावर विश्वास ठेवला."

ही एवढीच शिक्षा त्यांनी मला दिली. पुढे त्या लगेच गोळ्या लिहायला लागल्या, रक्तदाब बघितला, लघवीतलं प्रथिन तपासायला सांगितलं, आईचे दोन्ही पाय स्वतः खाली वाकून पाहिले, बोटांच्या मधे मधेसुद्धा.

बहीण रविवारी करंजाड्याहून आली. तिने चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

"दादा, फलक लाव ना आता बाहेर. आईचा फोटो टाक. खाली लिही, एक डोळा."

"हळू बोल, आई आत आहे."

"आईला ऐकू येतं रे. दिसत नाही फक्त."

"मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर एवढं नीट जमलं नसतं तुला." मग ती रडली, आणि मग मला म्हणाली, "मीपण अंगठा टाकायचे ना दर वेळी. मीपण कधी विचारलं नाही." तिने स्वतःचा वाटा उचलला म्हणून माझा काही हलका झाला नाही.

आईशी बोलायला मला तीन आठवडे लागले. डाव्या डोळ्याचं पहिलं इंजेक्शन झालं होतं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असायचे, ते काम मी घेतलं होतं. दुपारची वेळ, घरात दोघंच. ती मान मागे टाकून पलंगावर पडलेली, मी वर बाटली धरून.

"आई, तुला कधीपासून दिसेनासं झालं होतं?"

"झालं असंल वरीसभर."

"वर्षभर? बोलली का नाहीस?"

"त्या येळंला बस चुकली ना, तवाच मला उमगलं. लसूनबी हातानंच निवडत व्हते, डोळ्यानं न्हाई. मार्केटात माज्या शेजारी बसती ती बाई, तिनं वळखलं व्हतं. ती म्हनली, पोराला सांग. मी म्हनलं, सांगते."

"मग?"

"मग काय. रक्त द्यायचं आलं. तू कारली घिऊन आलास. एवढा खूश आसायचास तू त्या कागदाकडं बगून." थेंब गालावर ओघळला, मी पुसला. "मला वाटलं, कागदात समदं बरं हाय म्हनत्यात, तर माज्या डोळ्याचंच कायतरी चुकत आसंल."

मी दुसरा थेंब घातला. तो पापणीवरच पडला.

"तुला ठावं व्हतं का रं? त्या तीन म्हैन्याच्या तपासनीचं?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी मी खोटं बोललो नाही, यात मोठेपणा नाही. आता त्याने कुणाचं काही वाचणार नव्हतं.

तिने डोळे मिटून घेतले, पाच मिनिटं मिटून ठेवायचेच होते. ती पाच मिनिटं झाल्यावरही तिने उघडले नाहीत. त्यानंतर माझ्याशी ती वाईट वागली असं नाही. चहा झाला का विचारते, जेवलास का विचारते. पण पूर्वी ती मला 'मास्तर' म्हणायची, चिडवून, लाडाने. ते बंद झालं. बायकोला ती आता हाताला धरून गॅलरीत घेऊन जायला सांगते. मी जवळ उभा असलो तरी.

मार्केट सुटलं. एका गुरुवारी मी म्हटलं, "चल, मी सोडतो गाडीने." ती म्हणाली, "तितं जाऊन काय करू? बाया हातात गड्डी देत्यात, आन् मी म्हनंल ते व्हय म्हनत्यात." निवडणाऱ्या बाईच्या निवडीला सगळे हो म्हणायला लागले की ती घरी बसते.

परवा तीन महिने झाले. सरासरी पुन्हा केली. तपासणीच्या आधी किंवा नंतर घरात खाण्यापिण्यात काहीही बदललं नाही. बायकोने तसं मला बजावलंच होतं. आठ पॉइंट तीन. चांगली नाही, पण खरी. मी तो कागद घेऊन आईला दवाखान्यात नेलं. आमचा नंबर आला. मी नेहमीप्रमाणे तिच्या कोपराला धरून दाराकडे वळलो.

तिने कोपर सोडवून घेतलं. "तू भाईर बस."

"आई, आत स्टूल आहे, पाय अडकेल."

"आडकू दे. सांगायचं ते मी सांगते."

ती भिंतीला हात लावत आत गेली. दार पूर्ण लागत नाही त्या दवाखान्याचं, कायम थोडं उघडं राहतं. मी बाकावर बसलो. शेजारी एक माणूस तापलेल्या मुलीला मांडीवर घेऊन कुणाला तरी फोनवर सांगत होता, की ही डॉक्टर इंजेक्शन देत नाही, दुसरीकडे जाऊ या का.

आतून आईचा आवाज येत होता. न थांबता सांगत होती. सकाळी दोन भाकरी, दुपारी भात मूठभर, शेजारच्या बारशाला दोन जिलब्या, त्यातली एक लपवून खाल्लेली. संध्याकाळची गोळी आठवड्यात एकदा विसरली. डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात. बाई मधे मधे काहीतरी विचारत होत्या, लिहीत होत्या. माझ्याबरोबर असताना आई एवढं कधी बोलली नव्हती. तिच्या वतीने मीच बोलायचो.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आजी, डावा डोळा हाताने झाका. आता उजव्याने बघा. माझी बोटं किती?"



"हात हलतुया, ते कळतंय," आई म्हणाली. "बोटं न्हाईत दिसत."